आतून ठोठावलं

हिवाळा लागल्यापासून कासुगांच्या घरी जेवताना एक गोष्ट वारंवार घडू लागली होती, आणि तिच्याबद्दल घरातलं कुणीच चकार शब्द काढत नव्हतं.

तेइझो कासुगा, म्हणजे घरातले वडीलधारे, दोन-चार घास खायचे आणि मग त्यांचा हात थांबायचा. मान किंचित खाली जायची, डोळ्यांत पाणी यायचं. "जरा उठतो," असं हळूच म्हणून ते उठायचे, संडासात जायचे आणि दार लावून घ्यायचे. आतून पाणी सोडल्याचा आवाज यायचा. मग परत एकदा यायचा. त्या पाण्याच्या आवाजाखाली दाबलेला खोकला त्यांच्या सुनेला, हिसाएला, स्वच्छ ऐकू यायचा. थोड्या वेळाने ते परत यायचे, "माफ करा" म्हणायचे आणि गार झालेलं सूप पुढे ओढायचे.

घास अडकत होता, दुसरं काही नाही. वय झालं की घशाची ताकद कमी होते, हे हिसाएला ठाऊक होतं. पण विचारायचं कसं? सासऱ्यांना वाटेल, आपल्याला आता जेवतासुद्धा येत नाही असं सुनेला दिसतंय. त्यांचा मान राहावा म्हणून ती ताटाकडे बघत बसायची आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवायची. एकदा तिने नवऱ्याकडे विषय काढला. शिगेरु म्हणाला, बाबांना आवडणार नाही, उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल, राहू दे. राहू दिलं.

आम्ही नागाओकाची, जपानच्या बर्फाळ भागातली माणसं अशीच. तोंड मिटून बर्फ उपसणारी. शेजाऱ्याच्या दारात आपला बर्फ जाऊ नये म्हणून भल्या पहाटे फावडं घेऊन बाहेर पडणारी. दुसऱ्याला आपला त्रास होता कामा नये, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतं, आणि ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. तेइझोंनी उभा जन्म या गावात बस चालवली. ब्रेक असा दाबायचे की दांड्याला धरून उभ्या असलेल्या म्हातारीलाही गाडी थांबल्याचं कळू नये. त्याचाच त्यांना अभिमान होता. माणूस नाकासमोर चालणारा, सज्जन. अशाच माणसांची मला जास्त भीती वाटते, आणि का वाटते तेच सांगायला बसलो आहे.

नव्या वर्षासाठी त्यांची धाकटी बहीण किनुयो आली. लग्न होऊन ती ओसाकाच्या बाजूला साकाईला गेली, ती तिकडचीच होऊन बसली. आवाज खणखणीत, बाजारात भाव करायला लाजत नाही, आगगाडीत अनोळखी माणसाला हातातली संत्री देते आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी करते. शिगेरुला ही आत्या आवडायची, पण चार लोकांत तिच्याबरोबर चालताना तो दोन पावलं मागे राहायचा.

आत्याच्या ध्यानात ती गोष्ट पहिल्याच जेवणात आली. तेइझो उठून आत गेल्यावर तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि दोघांकडे पाहिलं. दोघंही टीव्हीत डोकं घालून बसले होते. भांडी घासताना तिने हिसाएला गाठलं आणि हे किती दिवस चाललंय असं विचारलं. हिसाए म्हणाली, बाबांना लाज वाटेल म्हणून आम्ही विषय काढत नाही.

आत्याने नळ बंद केला.

"पोरी, माझा नवरा कसा गेला, तुला कुणी सांगितलं नसेल. छातीत कळ आली त्याच्या. मला सकाळी लवकर कामाला जायचं होतं, म्हणून त्याने मला उठवलं नाही. पलीकडच्या खोलीत जाऊन बसला. मी उठून बघते तर भिंतीला टेकलेला, आणि दातांत टॉवेल. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून. लोक म्हणाले, काय सोशिक माणूस! मला मात्र अजून त्याचा राग येतो. मला झोपू दिलं त्याने. त्या झोपेचं मी काय करू, सांग?"

त्या रात्री हिसाएला बराच वेळ झोप लागली नाही. सासऱ्यांच्या खोलीकडे कान लावून ती पडून राहिली. तिकडे सगळं शांत होतं, आणि आज पहिल्यांदाच तिला ती शांतता बरी वाटली नाही.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी आत्याला परत जायचं होतं. त्याआधी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवावं असं ठरलं. कुठे जायचं, हे तेइझोंनीच सुचवलं: बायपासजवळचं बुफे हॉटेल. स्वस्त, भरपेट, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं फार लाडकं. तेइझोंना ते का आवडायचं, हे त्यांनी गाडीत सांगितलं. तिथे कुणाला हाक मारावी लागत नाही. आपलं ताट घ्यायचं, हवं ते वाढून घ्यायचं, चहाचा नळ आपणच सोडायचा. वेटरला दोनदा बोलवा, पाणी मागा, असली कटकट नाही.

"म्हणजे माणसाला माणूस लागतच नाही," आत्या म्हणाली.

"तेच तर," तेइझो समाधानाने म्हणाले.

बाहेर आभाळ इतकं खाली आलं होतं की भर दुपारी गाड्यांचे दिवे लागले होते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्याच्या मधल्या नळ्यांतून पाणी उडत होतं आणि नळ्यांच्या गंजाने तांबडा झालेला रस्ता ओला चमकत होता. दोन्ही बाजूंना उपसलेल्या बर्फाचे ढीग माणसाच्या उंचीचे झाले होते. वाटेत एक रुग्णवाहिका समोरून गेली. शिगेरुने गाडी बाजूला घेतली, आणि ती गेल्यावर पुन्हा रस्त्यावर आणली.

हॉटेल तुडुंब भरलं होतं. दाराशी नाव लिहून वाट बघत बसलेली कुटुंबं, आत वाफा, तळणाचा वास, मुलांची पळापळ. यांची पाळी आल्यावर टेबल मिळालं. दीड तास बसायची मुदत, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत विनंती: खाता येईल तेवढंच घ्यावं, घेतलेलं टाकू नये. टेबलांमधून मांजराच्या तोंडाची एक यंत्राची गाडी गाणं वाजवत फिरत होती आणि उष्टी ताटं गोळा करत होती. ताट ठेवलं की मांजराचे डोळे मिटायचे आणि ते आभार मानायचं.

तेइझो खूश होते. त्यांनी थोडा भज्यांसारखा तेंपुरा घेतला, रश्शातल्या सोबा शेवया घेतल्या, तळलेल्या कोंबडीचे दोन तुकडे घेतले आणि अगदी बारीक चावून खाल्ले. हिसाए चोरून त्यांच्या गळ्याकडे बघत होती. प्रत्येक घास खाली उतरला की तिच्या जिवात जीव येत होता. एकदा ते थांबले आणि ती खुर्चीतून अर्धवट उठली. पण ते फक्त वासाबीची तिखट चटणी झोंबल्यामुळे. ते हसले, तीही हसली.

गोडाच्या टेबलावर नव्या वर्षाचं म्हणून खास पातेलं ठेवलं होतं: लाल अझुकी कडधान्याची गरमागरम गोड खीर आणि तिच्यात भाजलेली मोची. मोची म्हणजे तांदूळ कुटून केलेला चिकट गोळा. तो नुसता चावून भागत नाही, ताणून तोडावा लागतो. जानेवारी आला की टीव्हीवर दरवर्षी सांगतात, म्हाताऱ्या माणसांना मोची लहान तुकडे करून द्या. आणि दरवर्षी आम्ही ते ऐकतो, मान हलवतो आणि पुढचं चॅनल लावतो.

तेइझोंनी वाटीत दोन गोळे घेतले. आत्या म्हणाली, दादा, एक पुरे, आणि त्याचे तुकडे कर. त्यांनी मान डोलावली. पहिला त्यांनी खरंच नीट, सावकाश खाल्ला. तेवढ्यात टेबलावरच्या पडद्यावर सूचना आली, मुदत संपत आली आहे. दाराशी थांबलेल्या लोकांकडे शिगेरुची नजर गेली. एक बाई कडेवरचं मूल या हातातून त्या हातात घेत होती. "बाबा, लोक खोळंबलेत," तो हळूच म्हणाला. आत्या तेव्हा शेवटचा चहा आणायला गेली होती. तेइझोंनी वाटीत बघितलं. दुसरा गोळा तसाच होता, आणि टाकणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी तो उचलला.

त्यानंतर काय झालं ते शेजारच्या टेबलावरच्या बाईने पाहिलं, पण ते पुढे येईल. हिसाए पर्स शोधायला खाली वाकली होती. ती वर बघते तर सासरे उभे. चेहरा लालबुंद. त्यांनी हातरुमाल घडी करून वाटीशेजारी ठेवला, सगळ्यांना किंचित वाकून नमस्कार केला आणि चालू लागले. मध्ये ती मांजराची गाडी आली. तेइझो बाजूला सरकले, तिला वाट दिली, आणि मग संडासाच्या पाटीकडे वळले.

हिसाए त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते तिला लगेच उमगेना. मग उमगलं. ते "जरा उठतो" म्हणाले नव्हते. हा माणूस कधीही न सांगता ताटावरून उठला नव्हता.

तिने शिगेरुला म्हटलं, बघून ये. तो म्हणाला, अगं, मोठा माणूस संडासात गेला तर मागे काय जायचं? तिने पुन्हा म्हटलं. तेव्हा तो उठला, जरा नाराजीनेच, आणि थोड्याच वेळात परत आला. चेहऱ्यावर काळजी नव्हती.

"आहेत आत. मी ठोठावलं, त्यांनी आतून ठोठावलं."

आमच्याकडे ही रीत लहानपणीच शिकवतात. बंद दारावर टकटक करायची; आत कुणी असेल तर त्याने उलट टकटक करायची. ना बाहेरच्याने हाक मारायची, ना आतल्याने ओरडायचं. कुणालाही न लाजवता काम होतं. हिसाएचं मनही एका क्षणापुरतं निवलं. ती कोट घालायला लागली.

आत्या चहाचे पेले घेऊन आली आणि दादा कुठे म्हणून विचारलं. शिगेरुने सांगितलं. तिने पेले टेबलावर ठेवले, तसा चहा सांडला.

"बोलला का तो?"

"ठोठावलं म्हणतोय ना, आत्या."

"मी ठोठावण्याचं विचारत नाही, शिगेरु. आवाज ऐकलास का त्याचा?"

शिगेरुने नकारार्थी मान हलवली. हिसाए तोवर धावत सुटली होती.

पुरुषांच्या संडासात बाईने शिरायचं नसतं. दाराशी आल्यावर तिचे पाय खरोखर अडखळले, हे तिनेच मला सांगितलं. इतकी सवय हाडात भिनलेली असते! हात धुणारा एक माणूस तिच्याकडे बघून गोंधळला आणि बाजूला झाला. कोपऱ्यातलं दार बंद होतं. आतून पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

"बाबा, मी हिसाए. बोला माझ्याशी. एक शब्द बोला."

पाणी थांबलं. मग आतून, दाराच्या अगदी खालच्या बाजूने, एक टकटक झाली. एकच. नख लागावं इतकी हलकी.

म्हणजे ते जमिनीवर होते. श्वास जात होता, आणि उरलेल्या बळात त्या माणसाने काय केलं? आत कुणीतरी आहे, काळजी नसावी, असं कळवलं!

हिसाए ओरडली. आयुष्यात ती कधी शाळेच्या मैदानावरसुद्धा ओरडली नव्हती. "धावा! माझ्या सासऱ्यांचा श्वास अडकलाय! दार उघडा कुणीतरी!" तिचा आवाज सगळ्या हॉटेलभर गेला. ताटांची खणखण थांबली. मांजराचं गाणं तेवढं चालू राहिलं.

आणि माणसं उठली. एकजण नाही, कितीतरी. हॉटेलच्या व्यवस्थापक ताचिबाना बाई धावत आल्या आणि कडीच्या फटीत नाणं घालून त्यांनी बाहेरून दार उघडलं. बर्फ काढणाऱ्या गाडीवरचा एक आडदांड ड्रायव्हर, निळ्या कामाच्या कपड्यांतला, आत घुसला. भिंत आणि भांडं यांच्यामध्ये तेइझो मुटकुळं होऊन पडले होते. ओठ जांभळे, डोळे अर्धवट उघडे, तोंडावर स्वतःचाच हात. त्याने त्यांना बाहेर ओढलं, पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने रट्टे मारायला सुरुवात केली. कुणीतरी फोनवर पत्ता सांगत होतं. शिगेरु दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि त्याला आत पाऊल टाकता येत नव्हतं.

रट्ट्यांमागून रट्टे बसले. काही झालं नाही. ड्रायव्हरने मागून कवटाळून पोटाशी मूठ दाबली, एकदा, पुन्हा, आणि पुन्हा वाकवून मारलं. शेवटी तो पांढरा गोळा फरशीवर पडला. पण तेइझोंची मान लटकतच राहिली. छातीवर दाब देत, मोठमोठ्याने मोजत तो माणूस घामाघूम झाला, तेव्हा कुठे घशातून घरघर आली. रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

स्ट्रेचर बाहेर नेताना शेजारच्या टेबलावरची बाई हिसाएच्या वाटेत आली. चांगल्या घरातली, व्यवस्थित पोशाखातली. ती रडत होती.

"मी पाहिलं होतं हो," ती म्हणाली. "त्यांनी गळ्याला हात लावला होता. माझ्याकडे बघितलंही त्यांनी. मला वाटलं, टक लावून बघणं बरं दिसत नाही. मी मान फिरवली."

हिसाए तिला दोष कसा देणार? ती स्वतः दोन महिने मान फिरवूनच जेवत होती.

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, गोळा निघाला हे बरंच झालं, पण मेंदूला हवा किती वेळ मिळाली नाही ते सांगता येत नाही. जागे झाले तर कळेल. जागे झाले तर! हिसाएच्या कानात तेवढेच शब्द राहिले. काचेपलीकडे नळ्या लावलेले सासरे होते आणि काचेअलीकडे शिगेरु, अंगावरचा कोटही न काढता बसलेला. आत्याने परतीचं तिकीट रद्द केलं. ती पुतण्याला दोष देईल असं हिसाएला वाटत होतं. ती फक्त त्याच्या शेजारी जाऊन बसली. तो म्हणाला, त्यांनी मला ठोठावून सांगितलं आणि मी परत आलो. आत्या म्हणाली, हो. खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दुसरा दिवसही तसाच गेला. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने बोलावलं. तेइझोंनी डोळे उघडले होते, माणसं ओळखत होते. नळी काढल्यावर त्यांचा आवाज सुकलेल्या पानासारखा खरखरीत निघाला, आणि तो कायमचा तसाच राहिला. त्या आवाजातलं पहिलं वाक्य हे होतं: "हॉटेलवाल्यांना फार त्रास झाला असेल. तुम्हालाही. माफ करा."

हिसाएचा संयम सुटला. लग्न होऊन आल्यापासून जी सून सासऱ्यांसमोर कधी मोठ्याने हसली नव्हती, ती पलंगाचा कठडा धरून बोलू लागली.

"कसली माफी मागताय, बाबा? तुम्ही गेला असता तर त्रास संपला असता असं वाटतं तुम्हाला? मी घरी तुमचा खोकला ऐकत होते. रोज. तुमचा मान राहावा म्हणून टीव्ही मोठा करत होते. तुम्ही लपवलंत, मी लपवू दिलं. हा कसला मान? एकमेकांना मरू द्यायचा?"

नर्स दारात थबकली. तेइझोंनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाईट वाटलं, पण समजलं नव्हतं. जन्मभराची शिस्त सुनेच्या चार शब्दांनी कशी सुटेल?

ती सुटली शिगेरुमुळे. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, आणि रागावला मुळीच नव्हता. त्याने सरळ सांगितलं.

"बाबा, पहिल्यांदा ठोठावलं तो मी होतो. तुम्ही उत्तर दिलंत, म्हणून मी निघून आलो. हिसाए गेली नसती तर... मी पुढे कुठलंही दार ठोठावू शकलो नसतो."

तेइझोंनी डोळे उघडले आणि मुलाकडे पाहिलं. कुणाला धक्का लागू नये म्हणून सारा जन्म ब्रेक जपून दाबणाऱ्या माणसाला तेव्हा दिसलं, की आपण आपल्या पोराला जन्मभराचा धक्का द्यायला निघालो होतो, आणि तोही चांगुलपणाने.

"मी तुला घालवून दिलं," ते म्हणाले. "दाराबाहेर माझा मुलगा होता, आणि मी त्याला घालवून दिलं."

कोपऱ्यात उभी असलेली आत्या मग पुढे आली. तिने भावाचा हात हातात घेतला. "दादा, त्रास द्यायचा नाही, त्रास द्यायचा नाही, असं आपल्या आईने शिकवलं. बरोबर शिकवलं. पण ते परक्याच्या दारात बर्फ टाकण्याबद्दल होतं रे. जीव जात असताना गप्प बसायचं, हे तिने कधी शिकवलं? आपणच ते ताणत ताणत इथवर आणलं. हाक मारणं म्हणजे त्रास देणं नाही. आपल्या माणसाला आपल्याजवळ यायची वाट देणं आहे ते."

घरी आल्यावर, जरा चालता येऊ लागल्यावर तेइझोंनी हॉटेलात जायचं ठरवलं. रीतीप्रमाणे मिठाईचा डबा बांधून घेतला. दुपारची गर्दी ओसरली होती. ताचिबाना बाईंनी त्यांना बसवलं, चहा स्वतः आणला. तेइझो उठून कमरेत वाकले आणि झालेल्या त्रासाबद्दल त्या खरखरीत आवाजात क्षमा मागू लागले. बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. गिऱ्हाइकाला मध्येच थांबवणं हेही आमच्याकडे होत नाही.

त्या म्हणाल्या, इथे यायच्या आधी मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉटेलात काम करायचे. तिथे एक बाई एकट्या जेवायला यायच्या. एकदा जेवता जेवता उठून आत गेल्या. टेबल स्वच्छ, खुर्ची आत सरकवलेली, पैसे आधीच दिलेले. आम्हाला वाटलं, गेल्या घरी. मध्ये दार बंद दिसलं म्हणून आमच्यापैकी एकीने ठोठावलं होतं आणि आतून उत्तर आलं होतं. नंतर तिने परत जाऊन बघितलं नाही. संध्याकाळी आम्ही खुर्च्या टेबलांवर चढवल्या, फरशी पुसली, निम्मे दिवे घालवले, आणि मग संडास धुवायला गेलो.

त्या आतच होत्या, कधीच्या गेलेल्या. हिसाएला त्या कोपऱ्यातल्या दाराकडे बघवेना.

"तुम्ही माझं ताट फोडा," बाई तेइझोंना म्हणाल्या. "टेबल उलटं करा. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडा. फरशी आम्ही पुसू. ती पुसायला सोपी असते."

तेइझोंनी यावर माफी मागितली नाही. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला तो क्षमेचा नव्हता, आभाराचा होता. त्या हॉटेलात आता संडासाचं दार बराच वेळ बंद दिसलं तर कुणी नुसतं ठोठावत नाही. हाक मारतात, आणि शब्दांत उत्तर येईपर्यंत तिथून हलत नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. चालायचंच.

कासुगांच्या घरी अन्न आता बारीक करून, थोडं दाटसर करून वाढतात. घसा काही पूर्वीसारखा होणार नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. घास अजूनही अडकतो. एका संध्याकाळी असाच अडकला. तेइझोंचा हात थांबला, चेहरा लाल झाला, आणि सवयीने ते खुर्चीतून अर्धवट उठले. शिगेरु चॉपस्टिक्स हातात तशाच धरून बापाकडे बघत राहिला. कुणी नजर वळवली नाही.

तेइझो परत बसले. त्यांनी मूठ टेबलावर आपटली, सगळ्या वाट्या हादरल्या, आणि मग सर्वांच्या समोर, तोंड उघडं टाकून, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत ते खोकत राहिले. शिगेरु उठून त्यांच्या पाठीवर थापा मारत होता, हिसाए समोर भांडं धरून होती. ते कुरूप होतं, ओंगळ होतं, आणि त्या घरात इतकं चांगलं जेवण त्याआधी कधी झालं नव्हतं, असं हिसाए म्हणते.

वाचकहो, सभ्यपणा ही चांगली गोष्ट आहे. पण श्वास कोंडलेल्या माणसाला जो सभ्यपणा बंद दाराआड पाठवतो, आणि त्याच्याकडे बघणाऱ्याला मान फिरवायला लावतो, तो सभ्यपणा नव्हे, ती आपण सगळ्यांनी मिळून केलेली हयगय आहे. तुमच्या घरात, तुमच्या शेजारच्या टेबलावर, कुणी ताटावरून मुकाट्याने उठून गेलं तर बसून राहू नका. मागे जा. हाक मारा. आणि आतून नुसतं ठोठावलं गेलं, तर परत फिरू नका.